बावीस ओव्या राहिल्या

"उठू नको शीतल. अध्याय पुरा कर."

कौसाकाकू असं म्हनल्या आन माझं बोट ओवीवर तसंच राहिलं. वर बघितलं तर त्यांच्या तोंडावर घाम, नुसता घाम, कपाळावरून नाकावर, नाकावरून लुगड्यावर. दुपारची वेळ, ऊन होतं, पन आमी तर ओसरीच्या सावलीत, एवढा घाम यायला काई कारनच न्हवतं. डावा हात त्यांनी छातीशी धरला होता, कोंबडीचं पिल्लू धरावं तसा, हळूच. मी म्हनलं, "काकू, काय होऊन राहिलं?" तर म्हनल्या, "जड वाटून राहिलं जरा. तू वाच."

गल्लीत कोनी न्हाई. सोयाबीनची काढनी चालू, सगळं गाव रानात. ओसरीवर आमी तिघीच. काकू, मी आन माझी चार वर्साची आरू. माझा फोन घरात चार्जिंगला. घर शेजारीच, भिंतीला भिंत.

"मी जीप बगते काकू."

"मंग बग. बावीस ओव्या राहिल्यात. तेवढ्या वाच आन मंग जायचं तिकडं जा."

बावीस. त्यांना डोळ्यांनी दिसत न्हवतं, पन माझं बोट कुठल्या ओवीपाशी हाय आन पुढं किती राहिल्या, हे त्यांना बराबर ठावं.

मी काय केलं ते सांगते. पन आधी काकू कोन होत्या ते सांगावं लागंल, न्हाईतर तुमी म्हनाल काय येडी बाई हाय, मानूस चाललं आन ही ओव्या मोजून राहिली.

मी आठवीतून शाळा सोडल्याली. मंग चार-पाच वर्सं रानात, मंग लग्न. हे गाव गोरेगावच्या अलीकडं, फाट्यावरून आत. आरूचे पप्पा पुण्याकडं कंपनीत, पोळ्याला आन दिवाळीला येतात. सासू न्हाई, सासरा न्हाई. आन मी मुलखाची भित्री. पालीला भ्यायची, विजंला भ्यायची, रिकाम्या घराला तर सगळ्यात जास्ती.

लग्नानंतर पंधरा दिवसांत हे पुण्याला गेले आन दुसऱ्याच दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आवाज, "मालक, काय कमाल केलीस रे आज! काय रंग टाकलास!" मला वाटलं म्हातारी नवऱ्याशी बोलून राहिली. पान्याला गेले तर एक बाई म्हनली, नवरा? कौसाबाईचा नवरा जाऊन बारा वर्सं झाली की. मी कळशी तिथंच ठिवली आन घरात येऊन कडी लावली.

दुपारी काकूंनीच कडी वाजवली. हातात तुरीची फुलं आल्याली फांदी. "अगं मालक म्हंजे तो," वर बोट करून म्हनल्या. "आमचे हे कशाला परत येतेत? जिते होते तवाच जेवायला वेळंवर येत न्हवते."

अशा होत्या काकू. बुटक्या, वाळल्या, कपाळावर गोंदन, आन आवाज असा की एस.टी.च्या कंडक्टरनं लाजावं. मोतीबिंदूचं आपरेशन झालं होतं पन नजर पुरी आलीच न्हाई, एका डोळ्यानं उजेड-अंधार कळायचा, दुसऱ्यानं ते बी न्हाई. तरी सगळं बघायच्या. बोटानं बघायच्या, नाकानं बघायच्या. तुरीची हिरवी शेंग नखानं फोडायच्या आन माझ्या हातावर ठिवायच्या. "बग, एकेक दाना आपापल्या खोलीत. कोनी कोनाच्या अंगावर न्हाई. आपल्याला तीन भावात घर वाटता येत न्हाई, कोर्टात जातेत. आन त्यानं एवढ्याशा शेंगंत पाच जनांचं वाटप केलं, एकाची तक्रार न्हाई."

मला हसू यायचं. त्या हसायच्या न्हाईत.

"त्याच्या राज्यात तलाठी न्हाई, तहशीलदार न्हाई, शिक्का न्हाई. तरी मुंगीला तिचं बीळ सापडतं का न्हाई? बगळ्याला तळं सापडतं का न्हाई? सांग, सत्ता कोनाची?"

"त्याची."

"मोठ्यानं म्हन. त्याला ऐकू येतंच. तुला ऐकू यावं म्हनून मोठ्यानं म्हन."

त्यांचा ल्योक भगवानभाऊजी हिंगोलीला राहतात, नोकरी हाय. आईला घेऊन जायला दर सहा महिन्याला येनार आन भांडून जानार. एकदा ज्वारी हुरड्यात होती तवा ते रानात गेले, मी बी होते, तर काकू माळ्यावर बसल्याल्या, गोफन मांडीवर आन पाखरं निवांत कनसं खाऊन राहिल्याली. भाऊजी खालून ओरडले, "आई, तू राखन करून राहिली का पंगत वाढून राहिली?"

"पंगत त्याची हाय रे. मी नुसती वाढपी."

"आन आपन काय खायचं?"

"तुला आजपतर उपाशी निजवलं का? बस गप. ती राघूची जोडी आली बग, आवाजावरून सांगते. मालकानं त्याच्या चोचीला रंग कसा दिला आसंल, ब्रश कुठं धरला आसंल, कधी इचार केला का? आफिसात बसून नुसते पंखे बघतोस."

भाऊजी माझ्याकडं बघून म्हनले, "वैनी, तुमीच समजवा." मी काय समजावनार? मला तर त्या पाखराकडं बघायला लागल्यावर खरंच वाटलं, ब्रश कुठं धरला आसंल.

पन सगळं गोडच बोलायच्या असं न्हाई. एक वर्सं फागुनात गारा पडल्या. पंधरा मिन्टात गहू आडवा. आमचा बी आन काकूंचा बी. मी आंगनात उभी राहून रडले आन रागारागानं म्हनले, "कुठं गेला तुमचा मालक? ही सत्ता का त्याची?" मला वाटलं आता काकू मला पोथीतलं काईतरी सांगतील. पन त्यांनी खाली बसून चाचपडत एक गार उचलली, मुठीत धरली, ती इतळून पानी मनगटावरून खाली येईपतर धरली. डोळ्यांतून बी पानी. मंग म्हनल्या, "राजा हाय म्हनून आपल्या मनासारखं करतो, असं कोनी सांगितलं तुला? राजा हाय म्हनून तक्रार कोनाकडं न्यायची एवढं तरी कळतं. ज्याला राजाच न्हाई त्यानं कोनापुढं रडावं? रड. त्याच्या नावानं रड. मी बी रडते."

दोघी रडलो. मंग त्यांनी चहा केला. बशीत फुंकर मारत म्हनल्या, "गार किती गोल असती न्हाई गं?" मला इतका राग आला, आन इतकं हसू आलं.

पोथीचं सांगते आता.

त्यांच्या लाल फडक्यात बांधल्याली एक जुनी पोथी होती, पानं कडंनं तपकिरी झाल्याली. नजर गेली तसं वाचनं गेलं. तोंडपाठ होतीच सगळी. मी म्हनायची, पाठ हाय तर म्हना की. त्या म्हनायच्या, "पाठ म्हन्लं की मन भलतीकडं उंडारतं. अक्षरावर बोट आसलं की मन बोटापाशी बसतं. माझं बोट आंधळं झालं, तुझं दे."

मला वाचायची लाज वाटायची. जोडाक्षर आलं की माझी जीभ अडायची, मी ते सोडून पुढं जायची. पहिल्याच दिवशी पकडलं. "पोरी, एक ओवी गिळलीस. ओक ती." मी म्हनलं, येत न्हाई मला. म्हनल्या, "अडखळ, पर उडी मारू नको. अडखळल्याल्याला तो हात देतो, उडी मारनाराला काय देनार?"

मंग रोजचंच झालं. जेवनं झाली, भांडी झाली की ओसरीवर पाटावर पोथी, खांबाला टेकून काकू, पुढं मी, बाजूला आरू तिची मातीची बोळकी घेऊन. थांबायचं तिथं मोरपीस ठिवायचं. कुठंबी थांबलं तरी चालायचं. एक सोडून. अकरावा अध्याय.

त्यात असं हाय बगा, रथात बसल्याला एक गडी, मोठा धनुष्यबानवाला, तो देवाला म्हनतो तुझं खरं रूप दाव. तर देव दावतो. आन त्यात सगळंच, सूर्य, चंद्र, डोंगर, नद्या, सगळी जितराबं, सगळी मानसं, वर टोक न्हाई, खाली बूड न्हाई, आन आग, आन तोंडं, आन त्या तोंडात सगळं चाललंय. तो गडी थरथर कापतो. म्हनतो, मला हे नको रे, मी भ्यालो, तू आधी होतास तसा हो. आन देव होतो. परत लहान, परत मऊ, परत वळखीचा होतो आन त्याला धीर देतो.

काकू भ्यायच्या जागी कधी रडल्या न्हाईत. ह्या निवायच्या जागी रडायच्या, दरवेळी. "बग, चंद्र-सूर्य पोटात घेऊन उभा राहिल्याला, आन एका भिल्याल्या मानसासाठी पुन्हा लहान झाला. ह्याच्यापरीस मोठी सत्ता कोनती गं? मोठं व्हायला काय, वादळ बी मोठं होतं."

एकदा ह्या अध्यायाच्या मधीच दारात दूधवाला आला तर मी मोरपीस ठिवून उठले. काकू एवढ्या चिडल्या. "बस खाली! भिल्याल्या मानसाला भिल्याल्या जागी सोडून उठू न्हाई. तो तिथं थरथरून राहिला आन तू दूध घ्यायला चालली? पाप लागंल म्हनून न्हाई सांगत. मानुसकी न्हाई ती."

दूध त्या दिवशी घेतलंच न्हाई.

आन हे त्या नुसतं बोलत न्हवत्या. आरूच्या वक्ताला कळा सुरू झाल्या तवा हे पुण्यात. गावातल्या गजूभाऊची जीप, मांडीवर माझं डोकं घेऊन काकू. सेनगावला गेलो तर तिथून हिंगोलीला पाठवलं. मी सारखी म्हनून राहिले, मी मरते काकू, मी मरते. तर म्हनल्या, "आता कोनता अध्याय चालू हाय ठावं का? भ्यायचा. ह्याच्या पुढंच निवायचं हाय." दवाखान्यात त्यांना आत येऊ दिलं न्हाई. तर दाराबाहेर उभं राहून, त्या कंडक्टरच्या आवाजात, दर थोड्या वेळानं, "शीतल, मी हितंच हाय!" नर्सबाई म्हनली, आजी वरडू नका. काकू म्हनल्या, "वरडून राहिले न्हाई बाई, हजेरी देऊन राहिले."

आरू जन्मली तवर हजेरी चालू होती. जेवल्या न्हाईत, बसल्या न्हाईत.

आता तुमीच बगा, मी काय केलं.

बावीस राहिल्या होत्या. तो गडी नुकता भ्याला होता. मी आधी वाचायला लागले. खरं सांगते, काकूंच्या आवाजात हुकूमच तसा होता, आन मला वाटलं वाचल्यानं बरं वाटंल. पहिली ओवी वाचली. दुसरी वाचली. काकूंचा श्वास ऐकू येऊन राहिला, भाता फुटल्यावानी. तिसरी. चौथीत एक जोडाक्षर आलं आन मी अडले, आन दरवेळी त्या पुढून सांगतात ते सांगितलं न्हाई. वर बघितलं तर ओठ निळे.

मी उठले. "काकू, आलेच मी, दहा मिन्टात आले."

त्यांनी माझा पदर धरला. एवढी ताकद कुठून आली कोन जाने. म्हनल्या, "शीतल, तो भ्यालाय अजून."

मी पदर सोडवून घेतला. एकेक बोट करून सोडवला. मोरपीस सुदिक ठिवलं न्हाई. आरूला म्हनलं, आजीपाशी बस, कुठं जाऊ नको, आन पळाले.

फोन घेतला, रेंज न्हाई. आंगनात आले, एक दांडी आली, अंबुलन्सचा नंबर लावला तर लागंना. गजूभाऊला लावला, वाजला वाजला, उचलला न्हाई, ते बी रानात. मंग फाट्याकडं पळाले. चप्पल तुटली, ती तिथंच टाकली. रस्त्यात एक मानूस न्हाई, नुसत्या सोयाबीनच्या गंज्या. पार रानात जाऊन गजूभाऊला वरडून बोलावलं, ते हातातलं टाकून आले, जीप काढली. आमी गल्लीत आलो तवर अर्धा घंटा झाला आसंल. जास्ती बी आसंल.

काकू खांबाला टेकूनच होत्या. पोथी पुढं वढून घेतल्याली, आन तिच्यावर बोट, माझं आसतं तसं. पन दिसत न्हवतं ना त्यांना. बोट अक्षरावर न्हवतं, कडंच्या कोऱ्या जागेवर होतं.

आरू अंगनवाडीत बसतात तशी हाताची घडी घालून बसली होती. गजूभाऊनं काकूंचा हात धरून बघितला, डोक्यावरची टोपी काढली आन माझ्याकडं बघितलंच न्हाई.

आरू म्हनली, "मम्मी, आजी म्हनली पुढचं सांग. मी म्हनलं मला येत न्हाई. आजी म्हनली मला बी आठवंना. मंग मी गप बसले."

मला बी आठवंना. ज्यांना सगळी पोथी पाठ, त्या काकू असं म्हनल्या.

सगळे बोलले मंग. भगवानभाऊजी आईला माती देऊन आल्यावर माझ्यासमोर बसले आन म्हनले, "वैनी, घाम आला तवाच का न्हाई पळालात? त्या चार ओव्या काहून वाचत बसलात?" ते चांगलं मानूस हाय, रागानं न्हाई म्हनले, रडून म्हनले. आन ज्या डाक्टरला गजूभाऊनं नंतर इचारलं तो म्हनला, झटका मोठा होता, जीप दारात उभी आसती तरी सेनगावपतर टिकल्या नसत्या. एकाचं ऐकलं तर मी पळायला उशीर केला. दुसऱ्याचं ऐकलं तर मी उगंच पळाले, बसायला पायजे होतं. वाचायला मला दहा-बारा मिन्टं लागली आसती, माझ्या वाचन्यानं. मी ना धड बसले ना धड पळाले.

पोथी भाऊजींनी मलाच दिली. म्हनले, आमच्याकडं कोन वाचतं. लाल फडक्यात बांधून फळीवर ठिवलीय. अठरा ओव्या राहिल्यात. रोज दुपारी हात जातो, फडक्याची गाठ सोडते, आन पदर कोनीतरी धरल्यासारखा वाटतो, परत बांधून ठिवते. अडखळ पर उडी मारू नको, म्हनायच्या. मी तर अठरा ओव्यांची उडी मारली.

आन आरू आता मला न्हानीत सुदिक एकटी जाऊ देत न्हाई. दाराबाहेर बसती. कधी रातच्याला उठवती न्हाई, रडत न्हाई, फक्त दुपारी भांडी घासायला बसले की हळूच इचारती, "मम्मी, तो रथातला गडी अजून भ्यालाय का?"

तुरीला फुलं आलीत आता. काल सकाळी भिंतीकडं तोंड करून मी म्हनून बघितलं, मालक, काय रंग टाकलास. हळूच, तरी म्हनले. सत्ता त्याचीच हाय, मी न्हाई म्हनत न्हाई, काकूंनी मला दुसरं काई शिकवलंच न्हाई. गार बी त्याची, शेंग बी त्याची, तो अर्धा घंटा बी त्याचाच. माझी तक्रार हाय, आन ती कोनाकडं न्यायची ते मला ठावं हाय. पन एक गोष्ट त्याला इचारायची माझी हिंमत होत न्हाई, म्हनून तुमाला इचारते.

फाट्याकडं पळताना वळनावर मी एकदा मागं बघितलं होतं. काकू ताठ बसल्या होत्या. तोंड माझ्या पावलांच्या आवाजाकडं. त्यांना मी दिसत न्हवते, कुठं गेले ते कळत न्हवतं, नुसता आवाज लांब चालल्याला ऐकू येत होता. एक हात छातीशी, आन दुसरा हात पुढं चाचपडून राहिला, पाट कुठंय, पोथी कुठंय. त्यांनी मला हाक मारली न्हाई. दवाखान्याच्या दाराबाहेरून ज्या आवाजात हजेरी देत होत्या, तो आवाज माझ्यात आसता तर मी पळता पळता वरडले तरी आसते, काकू, मी हितंच हाय. ते बी सुचलं न्हाई. आन हितं होतेच कुठं मी?

तुमी सांगा. तुमच्या पदराला त्यांचा हात आसता, गल्ली रिकामी आसती, आन अठरा ओव्या राहिल्या आसत्या, तर तुमी काय केलं आसतं? उठला आसता, का बसला आसता?